व्हर्नाचं भांडं

बास्केटबॉलचा कोच डॅरिल गाव सोडून मोठ्या विद्यापीठात चालला, ही बातमी व्हर्ना टीडमनला किराणा दुकानात कळली. हातातली अंडी तिथेच ठेवून ती तडक घरी आली. आयोवातल्या त्या एवढ्याशा कॉलेजात बास्केटबॉलच्या सामन्यांचं घड्याळ नवरा गेल्यापासून तीच चालवायची, आणि त्याचा तिला भारी तोरा होता. कोचने आपल्याला आधी सांगू नये? तिला फार लागलं.

तो आला तो पहिला हिवाळा तिला आठवला. शिकागोचं हे किडकिडीत पोरगं सामन्यामागून सामना हरत होतं. नवा माणूस आला म्हणून गावच्या बायकांनी रीतीप्रमाणे काचेच्या भांड्यांतून चीज घालून भाजलेले बटाटे, नूडल्स असं काहीबाही पोचवलं. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर जिचं तिचं नाव. या पठ्ठ्याने खाऊन, भांडी घासून, फडताळात रचून ठेवली! त्याला वाटलं, भेटच आहे. गावात कुजबुज सुरू झाली. हरणारा कोच चालला असता, भांडी दाबणारा कसा चालेल?

शेवटी व्हर्नाच त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"कोच, आमच्या भांड्यांचं काय लोणचं घालणार आहेस?"

"म्हणजे... परत करायची असतात?"

"करायची असतात. आणि रिकामी नाही!"

मग सफरचंदं भरभरून तो घरोघरी हिंडला. दर घरी कॉफी झाली, गप्पा झाल्या. त्या भांड्यांपायी गाव त्याचं झालं, आणि भांड्यांची ये-जा पुढेही चालूच राहिली. पुढे हॉल भरायला लागला, पोरं जिंकायला लागली. काय दिवस होते ते! स्पर्धा जिंकल्यावर आठवण म्हणून बास्केटची जाळी कापायची रीत, तेव्हा पहिला दोरा तो व्हर्नाला कापायला लावायचा. ती शिडीवर थरथरायची, आणि तो खालून शिडी धरून हसायचा.

दारावरची घंटा वाजली. कोचच होता.

"सगळ्यांची भांडी देऊन आलो, मिसेस टीडमन. तुम्हालाच आधी सांगायचं होतं. पण जीभच रेटेना."

"माझं भांडं कुठंय?" ती तुटकपणे म्हणाली.

"ते नाही देणार."

"का म्हणून?"

"ते द्यायला मला परत यायचंय."

व्हर्नाने तोंड फिरवलं. बाहीने डोळे पुसले, नाक ओढलं.

"बरं," ती म्हणाली. "पण रिकामं आणू नकोस."