भूक कुठं लागते?

"भूक लागते हो दीदी, आवरतच नाही," असं कुणी म्हटलं, की त्या हातातलं पेन खाली ठेवायच्या. एका हाताचं बोट पोटावर, दुसऱ्या हाताचं कपाळावर. "कुठं लागते? इथं, का इथं?" समोरचा माणूस गोंधळायचा. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलेलाच नसायचा. मग तो स्वतःचं पोट चाचपून बघायचा, आणि बहुतेक वेळा हसायचा.

जबलपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात त्या आहारतज्ज्ञ होत्या, आणि मी त्यांच्या दाराबाहेरच्या खिडकीवर नावं नोंदवून घ्यायची. सगळा दवाखाना त्यांना दीदी म्हणायचा, मीही. घराणं मूळचं अमरावतीकडचं, आजोबांच्या वेळेस इकडे आलेलं. रुग्णांशी हिंदी, माझ्याशी मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण तुम्ही दारातून डोकावला असतात तर तुम्हालाही तीच आधी दिसली असती. दीदी जाड होत्या. चांगल्या ऐसपैस. नवीन रुग्ण एकदा दारावरची पाटी वाचायचा, एकदा त्यांच्याकडे बघायचा, आणि पुन्हा पाटी वाचायचा. "या, या, बरोबर खोलीत आले तुम्ही," दीदी स्वतःच्या पोटावर थाप मारत म्हणायच्या. "मी या गावची जुनी रहिवासी आहे. इथले रस्ते मला पाठ आहेत."

त्यांच्या खोलीतल्या खुर्च्यांना हात नव्हते. आधी होते. एकदा एक बाई उठली आणि तिच्याबरोबर खुर्चीही उठली. दीदी काही झालंच नाही अशा तिच्याशी बोलत राहिल्या, बोलता बोलताच खुर्ची सोडवली. बाई गेल्यावर त्यांनी सुताराला बोलावलं आणि समोर उभं राहून सगळ्या खुर्च्यांचे हात कापून घेतले. वजनकाटाही भिंतीकडे तोंड करून ठेवला. पूर्वी आकडा मोठ्यानं सांगायची पद्धत होती. पार बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जायचा. आता एकट्या दीदी वाकून बघत आणि गुपचूप लिहून घेत.

दुपारी आम्ही दोघी एकत्र जेवायचो. त्यांच्या डब्यात बेसनाच्या पातोडीचा रस्सा असला की झाकण उघडायचाही सोहळा असे. झाकण अर्धं उघडायचं, डोळे मिटायचे, वास घ्यायचा.

"बघ वो," त्या म्हणायच्या, "एक घास नाही खाल्ला अजून, आणि वर बँड वाजायला लागला."

वर म्हणजे डोक्यात. मेंदूला त्या 'वरचं ऑफिस' म्हणत. त्यांचं सगळं शास्त्र त्या ऑफिसाभोवती फिरायचं. खाण्याची निम्मी मजा वास आणि नजर आधीच वर पोचवतात, म्हणून पोट भरलेलं असतानाही मिठाईच्या दुकानापुढे पाय अडखळतात. पोट भरल्याचा निरोप मात्र वर रमतगमत पोचतो. तोवर घाईनं जेवणारा दोन पोळ्या जास्त खाऊन बसतो. आणि काही माणसांच्या बाबतीत तो निरोप वर जातो, पण तिथं कुणी ऐकतच नाही.

"निरोपच ऐकू येत नाही ज्याला, त्याला हावरट काहून म्हणायचं?" हे बोलताना मात्र त्या हसत नसत. "ऐकू न येणाऱ्या माणसाला आपण रागावतो का?"

मी काडीसारखी. मला म्हणायच्या, "तुझं ऑफिस वेळेवर उघडते आणि वेळेवर बंद होते. त्यात तुझी कमाई काही नाही, समजलं का?"

एका सकाळी दुलारे भैया आले. ओमतीजवळ त्यांचं मिठाईचं दुकान. आमच्या जबलपूरची ती काळपट, जड, खोव्याची जलेबी ते स्वतः तळत. बायकोनं जवळजवळ ओढतच आणलं होतं. गुडघे गेलेले. वजन उतरल्याशिवाय ऑपरेशन करता येणार नाही, असं हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, एका देवळाच्या भंडाऱ्यात पंगतीला जमिनीवर बसले ते उठताच येईना. चौघांनी धरून उठवलं, पंगत हसली. तेव्हापासून माणूस दुकान आणि घर सोडून कुठेही जाईना. बायको हे सांगत होती तेव्हा ते खाली बघत होते, बोलणी खायची तयारी करून.

दीदींनी विचारलं, "भैया, चाशनी कब तैयार हुई, कैसे पहचानते हो?"

त्यांनी मान वर केली. मग जे बोलायला लागले! घाणा कसा काढायचा, तूप किती तापवायचं, खोवा कुठला चांगला. बाहेर रांग वाढत होती, दीदी हनुवटीखाली हात ठेवून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "और खाते कब हो?"

"दिन भर, दीदी. टूटी हुई जो होती है, उठा लेता हूँ. हाथ अपने आप चला जाता है."

"स्वाद कैसा लगता है?"

दुलारे भैयांनी ओठांवरून जीभ फिरवली. मग ओशाळून म्हणाले, "स्वाद का तो पता ही नहीं चलता अब."

दीदी माझ्याकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "ऐकलं का वो? साऱ्या शहराला जलेबी खाऊ घातली या माणसानं, आणि स्वतःच्या हातची चवच याला माहीत नाही."

रक्तातली साखर तपासली होती. ती ठीक होती. मग दीदींनी जे लिहून दिलं त्यानं दवाखान्यात खळबळ उडाली. घरून डाळ, भाजी, कोदो या भरडधान्याचा भात असं नीट जेवून निघायचं. आणि रोज एक जलेबी खायची. अख्खी, गरम, खाली बसून, डोळे मिटून. तुकडे बंद. मोठ्या डॉक्टरांनी बोलावून विचारलं, "दीदी, हे तुम्ही लिहिलंय?" त्या म्हणाल्या, "हो सर. पूर्ण बंद कर म्हटलं, तर तो दिवसभर कढईपुढे उभा राहून जलेबीचाच विचार करेल. एक तरी त्याला खरोखर खाऊ द्या." डॉक्टर भले होते. हसले आणि बघू म्हणाले.

पुढच्या वेळी दुलारे भैया आले तेव्हा काटा जागचा हलला नव्हता. ते रडायलाच लागले. एक जलेबी ते नेमानं बसून खात होते, पण तुकड्यांकडे हात जायचा तो जातच होता. "मुझसे नहीं होगा, दीदी. मैं ही खराब हूँ."

दीदी रागावल्या नाहीत. मला म्हणाल्या, "उद्या सकाळी चल माझ्यासोबत. दुकान पाहून येऊ."

दुसऱ्या दिवशी कढईशेजारच्या दुलारे भैयांच्या चौरंगावर दीदी बसल्या. डाव्या हाताला तुटक्या जलेब्यांची परात. वाफ, तूप, वेलचीचा वास. दीदी त्यांना काहीतरी समजावून सांगत होत्या, आणि मी बघतेय तर त्यांचा डावा हात परातीत! तुकडा उचलला, तोंडात टाकला, बोलणं चालूच. मी तोंडावर पदर धरला. दुलारे भैयाही बघत होते. सांगायची हिंमत कुणाची होणार? दुसरा तुकडा ओठांपाशी आला तेव्हा दीदींचं लक्ष गेलं. त्या तशाच थांबल्या, तुकड्याकडे बघितलं, आणि मग अशा हसल्या, अशा हसल्या, की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली.

"अरे बापा! मेरा भी हाथ चला गया!"

आणि दुलारे भैया हसले. कितीतरी दिवसांनी हसत होते, असं त्यांची बायको मला नंतर म्हणाली.

"भैया," डोळे पुसत दीदी म्हणाल्या, "आप खराब नहीं हो. ये परात खराब जगह पे रखी है."

परात त्याच दिवशी उठली. तुकड्यांच्या पुड्या बांधून त्या पुढच्या काउंटरवर विकायला ठेवल्या. तळायला हाताखाली एक कारागीर होताच; दुलारे भैया घाणा ओतण्यापुरते कढईशी येत आणि बाकीचा वेळ पुढे गिऱ्हाइकांशी बोलत बसत. चौरंगाशेजारी आता परातीच्या जागी पाण्याची कळशी.

परतताना ऑटोत दीदी आपणहून बोलल्या. "लहानपणी लग्नाकार्यात गेलो ना, की सगळे माझ्या ताटाकडे बघत. माझ्या तोंडाकडे कोणीच नाही. मग मी तिथं काहीच खायची नाही, आणि घरी येऊन स्वयंपाकघराच्या दारामागे उभ्यानं खायची. भरभर. अजूनही घाईत असली की दारामागेच असते मी." आणि लगेच, "चलो, रांग लागली असेल," म्हणून पर्स सावरली.

दुलारे भैया बारीक कधीच झाले नाहीत. पण वजन हळूहळू उतरलं, मधे एकदा चढलं, पुन्हा उतरलं, आणि ऑपरेशन झालं. दीदी ऑपरेशनच्या दिवशी उगाच चार वेळा माझ्या खिडकीशी येऊन गेल्या. सगळं नीट झाल्याचं कळलं तेव्हा म्हणाल्या, "मला काय, मी पाणी प्यायला आली होती."

त्यानंतर थोड्याच महिन्यांत दीदी निवृत्त झाल्या आणि बहिणीकडे अमरावतीला गेल्या. त्यांच्या जागी आलेली मुलगी हुशार आहे, मायाळूही आहे. खुर्च्या तिनं तशाच ठेवल्या आहेत. पण दुपारी डबा उघडताना वासासाठी कुणी थांबत नाही, आणि मीही पटकन जेवून घेते.

त्या आठवल्या की मला दवाखाना दिसतच नाही. दिसतो तो जबलपुरातल्याच गोरखपूर भागातला बाजार आणि त्यातून चाललेली वरात. दुलारे भैयांच्या धाकट्या मुलीचं लग्न. दीदी जाण्याच्या आदल्या आठवड्यातलं. भैया नवा कोट घालून, काठी टेकत कडेनं चालले होते. दीदी जांभळी साडी नेसून आल्या, त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि हात पुढे केला. भैया लाजून नाही नाही म्हणत राहिले. दीदींनी काठी काढून माझ्या हातात दिली.

आणि दोघं नाचले. भर रस्त्यात, जपून जपून, एकमेकांचे हात धरून. पाय फारसे हलत नव्हते. खांदे, मान, चेहरे नाचत होते. लोकांनी जागा करून दिली, भैयांच्या बायकोनं शिट्टी मारली. कुणातरी पोरानं मोबाइल वर धरला. भैया क्षणभर बिचकले. दीदी घामानं निथळत, हात न सोडता त्या मोबाइलकडे वळल्या आणि बँडच्या वर आवाज चढवून ओरडल्या,

"थोडा पीछे जा रे बेटा! हम दोनों पूरे आने चाहिए!"