फिल्टर सगळ्यांसमोर

वॉशिंग मशीनचं दार अडकलं की माणूस आधी ते ओढून बघतो. डॉमनिक अंकलना याचा भयंकर राग. मालाडच्या जुन्या गावठाणातून ते स्कूटरवरून आमच्या बोरिवलीला मशीन दुरुस्त करायला यायचे, चपला बाहेर काढायचे आणि मशीनसमोर चक्क मांडी घालून बसायचे. "ओढलंस ना, बाय? हँडल सांगतंय मला." मी नाही म्हणायचे. ते खोटं आहे हे दोघांनाही ठाऊक असायचं.

"आत पाणी आहे तोवर ती दार उघडणार नाय. ती बिघडली नाय, शहाणी आहे. बिघाड खाली असतो," असं म्हणत ते मशीनच्या तळाशी असलेलं छोटं झाकण काढत. पाणी बाहेर टाकणारा पंप तिथे असतो आणि त्याच्या तोंडाशी फिल्टर. पण फिल्टर फिरवण्याआधी ते घरातल्या सगळ्यांना बोलावून घेत, अगदी अभ्यासाला बसलेल्या माझ्या मुलीलासुद्धा. मला हे नाटक वाटायचं. एकदा तसं बोलून दाखवलं, तेव्हा म्हणाले, "साकीनाक्याला वर्कशॉपमध्ये होतो, तिथे मोजमापाचं एक महागडं हत्यार हरवलं. मला काढला. दोन दिवसांनी ते लेथ मशीनच्या मागे सापडलं, मला कुठून तरी उशिरा कळलं. पण सापडलं हे सांगायला कोण आलं नाय, बाय. घरात हरवलेलं काय काय फिल्टरात निघतं, म्हणून फिल्टर सगळ्यांसमोर उघडायचा." ऐकून मला वाईट वाटलं. मग मी चहा ठेवायला गेले आणि विसरूनही गेले.

त्या दिवाळीत माझ्या आईच्या मोत्याच्या कुड्यांमधली एक हरवली. घर पालथं घातलं, मिळाली नाही. शोभाताई आमच्याकडे नऊ वर्षं कामाला होत्या. त्यांना मी एका शब्दानेही विचारलं नाही. फक्त कपाटाला कुलूप लावायला लागले, आणि त्या बेडरूम झाडायला गेल्या की मलाही नेमकं तिथेच काहीतरी काम निघायचं. आपण किती सभ्यपणे वागतोय, याचं मला कौतुकसुद्धा होतं.

होळीच्या सुमारास मशीन भरल्या पाण्यानिशी बंद पडलं. अंकल आले, परातीत पाणी काढलं आणि म्हणाले, "बोलव सगळ्यांना." मी मुलीला हाक मारली.

"आणि त्या?" त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. "त्या पण घरातच आहेत ना?"

शोभाताई हात पुसत आल्या. फिल्टरमधून केसांचा आणि दोऱ्यांचा गुंता निघाला, त्यात ती कुडी. माझा चेहरा पडला. अंकलना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण माझ्याकडे आणि शोभाताईंकडे बघून त्यांना कळलं असावं. त्यांनी कुडी धुतली, रुमालाने पुसली आणि माझ्या हातात न देता शोभाताईंच्या हातात दिली. थोड्या वेळाने मशीनचं दार खट्कन सुटलं, त्याकडे कुणी बघितलंही नाही.

"शोभाताई, माझं चुकलं," मी म्हणाले. शरमेने मान वर होत नव्हती.

"मला सगळं कळत होतं, ताई. तेव्हाच काम सोडणार होते. पण सोडलं असतं तर तुमची खात्रीच पटली असती." त्यांनी कुडी मशीनवर ठेवली. "आता सोडते."

त्या निघाल्या तशी मी त्यांच्यामागे दारापर्यंत गेले. "जाऊ दे त्यांना, बाय," अंकल म्हणाले. "आज थांबवू नको." पुढे त्यांनीच शोभाताईंना आपल्या गल्लीत कामासाठी एक चांगलं घर बघून दिलं. माझ्याकडे मात्र ते पूर्वीसारखेच येत राहिले. त्या दिवसाबद्दल त्यांनी एकदाही टोमणा मारला नाही. मारला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

गेल्या वर्षी अंकल गेले. मी चर्चमध्ये पोहोचले तेव्हा त्यांच्यासाठीची प्रार्थना, मिस्सा, सुरू झाली होती, सगळे बाक भरलेले होते. मागच्या एका बाकाच्या टोकाला शोभाताई बसल्या होत्या. त्यांनी मला बघितलं आणि मान फिरवली. मी भिंतीला टेकून उभी राहिले. मग बऱ्याच वेळाने, समोरच बघत, त्यांनी पदर आवरला आणि आत सरकल्या. त्या जागेवर मी बसले, आणि मग मला रडू आवरेना.