खरी अमेरिकन

बहरीनला सनाबिसमधल्या आमच्या इंग्रजीच्या क्लासला अमेरिकन टीचर येणार म्हटल्यावर पालकांच्या उड्या पडल्या. मी तिथलं ऑफिस सांभाळते, म्हणजे प्रवेश, वेळापत्रक आणि लोकांची तोंडं. मालकांनी तिचं इंग्रजी फोनवरच ऐकलं होतं आणि ते खूश होते. तिचं स्पॅनिश आडनाव कुणी धड वाचलंही नव्हतं.

बाई आली ती सावळी, ठेंगणी, पाठीवर जाड काळी वेणी. साडी नेसवली असती तर आमच्या साताऱ्यात सहज खपून गेली असती. पहिल्याच दिवशी एका मराठी आईने तिला विचारलं, "टीचर कब आयेगी?"

चहाच्या वेळी मीही आपली आपुलकीने विचारती झाले, "गाव कुठलं?" गाव कळल्याशिवाय आपल्याला माणूस कळत नाही, त्याला कोण काय करणार!

"सॅन अँटोनियो. टेक्सास."

"ते झालं. पण मूळची?"

तिने कप खाली ठेवला. "तिथलीच. माझ्या आजीची आजीसुद्धा."

मग ती बोलत राहिली. शाळेपासून हाच प्रश्न. दवाखान्यात चेहरा बघून मेक्सिकन समजतात, दुभाषी बोलावतात, आणि हिला स्पॅनिश धड येतही नाही. भाऊ सैन्यात होता, तरी पोलीस गाडी बाजूला घ्यायला लावायचे ती त्याचीच. "परदेशात तरी मी नुसती अमेरिकन असेन, असं वाटलं होतं," ती म्हणाली. तेवढ्यासाठी ती इतक्या लांब आली होती.

महिनाभरात तक्रारी सुरू झाल्या. बहुतेक आपल्याच लोकांच्या. एक इंजिनिअर गृहस्थ फार गोड बोलले, "बाई चांगल्या आहेत हो. पण इंडियन उच्चारच शिकायचे तर घरी आम्ही आहोतच की."

"त्या टेक्सासच्या आहेत," मी म्हटलं.

"असतील. पण तुम्ही खरी अमेरिकन द्या ना."

गृहस्थ तिच्यापेक्षा दोन छटा काळे होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण खुर्ची सोडवत नाही, म्हणून हसून "बघते" म्हटलं.

मालकांनी युरोपातला एक गोरा, निळ्या डोळ्यांचा माणूस आणला. त्याचं इंग्रजी शाळेत शिकलेलं, वाक्य जुळवताना मध्येच अडायचा. पालक तृप्त झाले. तिला आधी बालवर्गाची गाणी दिली, मग कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. ते सांगायचं काम अर्थात माझ्याकडे आलं.

"खलास?" तिने विचारलं. एवढा एकच अरबी शब्द ती इथे शिकली होती. ना रडली, ना भांडली. मला वाटलं, हिने भांडायला हवं होतं. पण किती ठिकाणी भांडणार?

जाण्याआधी ती आमच्या घरी जेवायला आली. माझी मुलगी इथल्या सलमानिया हॉस्पिटलात जन्मलेली, इथेच वाढलेली. त्याच महिन्यात कॉलेजसाठी अमेरिकेला निघणार होती. कोट कुठला घेऊ, बूट कसले घेऊ, एकसारखं विचारत होती.

"कोट तिथे मिळेल," टीचर म्हणाली. "आधी हे सांग, तू कुठली?"

"बहरीन," मुलगी इंग्रजीत म्हणाली, सरळ, अभिमानाने.

"ते झालं," ती हळूच म्हणाली. "पण मूळची?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी उगाचच तिच्या ताटात आणखी भात वाढला.