तुमच्या आत्याचा आवाज रिक्षातून फिरतो

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, आत्या हल्ली समोर का येत नाही, आमचं काही चुकलं का. तुमचं काही चुकलेलं नाही. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं म्हणून तुमची आजी हे लिहिते आहे, आणि सवयीप्रमाणे क्रमाने लिहिते.

आपल्या बुऱ्हाणपुरात काही कळवायचं असलं की रिक्षा फिरते. टपावर भोंगा, आत पेनड्राइव्ह. साड्यांचा सेल, शाळेचे प्रवेश, उद्या नळ येणार नाही, आणि कुणी गेलं तर तेही. गेली कित्येक वर्षं त्यातला बहुतेक आवाज तुमच्या आत्याचा होता. एका मोबाइलच्या दुकानामागे भिंतींना गाद्या लावलेली खोली आहे, तिथे ती रेकॉर्डिंग करायची. राजपुरा मोहल्ल्यासाठी हिंदी, मराठी घरांसाठी मराठी, रिक्षा धूलकोट गावाकडे जाणार असेल तर तिकडच्या वळणाचं बोलणं. मी नेपानगरला शाळेत इंग्रजी शिकवत असे आणि घरात सगळ्यांनी शुद्ध बोलावं असा माझा हट्ट. हे बोलीबोलीत फिरणं मात्र तिने स्वतः कमावलं.

कुणी गेल्याची रिक्षा लगेच ओळखू येते. ती हळू चालते. आत्या ते वाचताना नावाच्या आधी थोडी थांबायची. तेवढ्यात गल्लीतल्या बायका गॅस बारीक करून दारात येत, नाव ऐकून हात जोडत आणि पुन्हा आत जात.

मग दुकानदाराने संगणकावर बोलणारी एआय आणली. "बुरा मत मानना दीदी," तो म्हणाला, "आता तुम्ही फक्त लिहून द्यायचं. बोलेल मशीन."

तुमच्या बाबांचा लगेच फोन आला. "आई, तिला सांग, मशीनशी भांडू नको म्हणावं. शिकून घे. जे शिकतील तेच टिकतील." मलाही ते पटलं. सूचना सगळ्या इंग्रजीत होत्या, मी शेजारी बसून समजावत असे. स्वल्पविराम कुठे दिला की मशीन श्वास घेतल्यासारखं थांबतं, गावाचं नाव कसं तोडून लिहिलं की नीट उच्चारतं, हे तिने भराभर आत्मसात केलं. मी तुमच्या बाबांना कौतुकाने कळवलं, जमतंय तिला.

थोड्याच दिवसांत दुकानदाराच्या लक्षात आलं की मजकूरही मशीनच लिहितं. तो फोनमध्ये तोंडाने सांगायचा, बाकी सगळं तयार. आत्याला रोज येऊ नका म्हणाला.

त्यानंतर रिक्षा आली की ती गॅलरीत जाऊन चुका काढत उभी राहायची. "आई, धूलकोट कसं म्हणतंय ऐक. अगदी तुझ्या नातवंडांसारखं!" आम्ही दोघी हसायचो. चूक सापडली की तिचा दिवस बरा जायचा.

आणि एके दिवशी मोठीच चूक झाली. राजपुऱ्यातल्या एका म्हाताऱ्या बाई गेल्या आणि मशीनने ती बातमी साड्यांच्या सेलच्या सुरात सांगितली. दुकानदार स्वतः घरी आला. खुर्चीवर टेकलासुद्धा नाही.

"काकू, इज्जत गेली. अंतिम यात्रेला असं बोलावलं मशीनने, जसं काही दुकानाचं उद्घाटन आहे. पूरे मोहल्ले ने सुना."

"डिस्काउंट किती सांगितला?" आत्याने आतून विचारलं.

"हसू नका दीदी, घरचे लोक मारायला आले होते. रोना नहीं आता उसको. तुम्हीच पाहिजे."

तुम्हीच पाहिजे. किती दिवसांनी हे शब्द घरात आले होते! ती इस्त्रीचा ड्रेस घालून गेली. मी तुमच्या बाबांना फोन करून सांगितलं की काम परत मिळालं. नको होतं एवढ्यात सांगायला.

संध्याकाळी ती आली तेव्हा घसा बसला होता. मी मिठाचं पाणी गरम करून दिलं.

"किती वाचलंस गं? कोण कोण गेलं?"

"कुणीच नाही. खोटी नावं होती. म्हातारा, बाई, तरुण मुलगा, लहान मूल. तीच ओळ पुन्हा पुन्हा. इथे जरा जास्त दुःख, इथे जरा कमी."

"मग परत कधी बोलावलंय?"

"म्हणाला, आता सगळं मिळालं. मशीनला शिकवायलाच माझा आवाज घेतला होता, आई." गुळण्या करून ती परत आली. "मला अर्ध्यातच कळलं होतं. पण मी इतकं चांगलं वाचत होते गं, थांबवेना."

पुढच्याच आठवड्यात आपल्या गल्लीत हळू चालणारी रिक्षा आली. आवाज आत्याचा. मला वाटलं, बोलावलं वाटतं पुन्हा. मी गॅस बारीक करून गॅलरीत गेले. नावाच्या आधी आवाज थांबला. मी हात जोडले. मग पाहिलं, तर ती गॅलरीच्या कोपऱ्यात आधीपासूनच उभी होती, मान तिरकी करून ऐकत. रिक्षा वळणापलीकडे जाईपर्यंत ती तशीच ऐकत राहिली.

"काहीतरी चुकलंच असेल," मी म्हटलं.

"नाही. मी असंच म्हटलं असतं." ती आत गेली आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालू लागली.

तेव्हापासून ती गरजेपुरतंच बोलते. भाजीवाली म्हणते, काल तुमचा आवाज ऐकला, तर मान हलवते. दुसरं काम शोधायचं तर वयाच्या या टप्प्यावर कुठे, आणि ते तरी किती दिवस राहणार, हे तिने मला एकदा विचारलं. तुमचे बाबा अजून नवेनवे कोर्स पाठवतात, चांगल्या मनानेच पाठवतात. ती ते उघडत नाही. मीही आता, उघडून बघ, असं म्हणत नाही.