दहावा माणूस

सॅमसनकाकांच्या पहिल्या स्मरणदिनाचं आमंत्रण मी सॅमसनकाकांनाच दिलं. आमच्या ज्यू समाजाच्या ट्रस्टमध्ये मी नवा कारकून. दहा पुरुष जमल्याशिवाय गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना म्हणता येत नाही, म्हणून जुन्या यादीवरून भराभर फोन लावत सुटलो होतो. "काका, सहाला सिनेगॉगमध्ये या, दहावा माणूस मिळेना." पलीकडे तोच घोगरा खोकला. "येतो." फोन ठेवल्यावर यादीतलं नाव वाचलं: सॅमसनकाका.

सहाला मला धरून आम्ही नऊच. काकू दाराकडे बघत बसलेल्या. नऊ माणसांत एक खुर्ची रिकामी राहिली की तीच सगळ्यांत भरलेली वाटते. माणूस जातो म्हणजे नक्की कुठून जातो, कोण जाणे; आमच्या यादीतून तर नाहीच. तेवढ्यात पायरीवर तो खोकला ऐकू आला. माझी मान वळेना.

आला तो काकांचा मुलगा बेनी. बापाशी भांडून सिनेगॉग सोडलेला, बापाचा फोन मात्र चालू ठेवलेला. त्याने प्रार्थना म्हटली, बापाच्याच आवाजात.

मी काकूंची माफी मागायला गेलो. त्या म्हणाल्या, "वर्षभर हा माझ्या रडण्याला बधला नाही. तुझ्या बावळटपणाला बधला."