माळावरचं मारवेल

विश्वंभर सरांची आणि माझी ओळख नेकनूरजवळच्या आमच्या शाळेमागच्या माळावर झाली. मी गणित शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. सर भूगोलाचा वर्ग घेऊन माळावर बसले होते.

"इथं जंगल कावून नाही?" त्यांनी विचारलं.

"शेरड्यांनी खाल्लं!" एक मुलगी ओरडली. सरही हसले.

मग त्यांनी समजावलं. जिथे वर्षभर ऊन आणि पाऊस, तिथे घनदाट अरण्य. पाऊस जवळजवळ नाहीच, तिथे वाळवंट. कडक थंडीत सूचिपर्णी वनं, त्याच्याही पलीकडे नुसतं शेवाळ. आपल्याकडे ढग सह्याद्रीवर रिते होऊन येतात; थोडे महिने ओल, बाकी कोरडं. अशा हवेत गवत आणि काटेरी झुडपंच टिकतात. "हा माळ उजाड नाही, हा गवताचाच प्रदेश आहे." माळावर वृक्षारोपण ठरलं की सर विरोध करत. लोक त्यांना झाडांचे वैरी म्हणत.

गेल्या श्रावणात माझी पत्नी सुमन गेली. आमच्याकडे आता राख नदीत न सोडता खड्ड्यात घालतात आणि वर झाड लावतात. माळाच्या कडेच्या आमच्या जमिनीच्या तुकड्यात मी खड्डा घेतला, आंब्याचं रोप आणलं. तिचं काहीतरी जिवंत राहावं, एवढंच मला हवं होतं.

सरांनी वाकून मुरूम चाचपला. "बळीराम, खाली खडक आहे. रोप उन्हाळ्यात जाईल. तुम्हाला हे दुसऱ्यांदा सोसवणार नाही."

त्यांनी येतानाच मारवेल गवताची ठोंबं आणली होती.

शेजारचे धोंडिबामामा शेरड्या राखतात. ते म्हणाले, "सर, वहिनीच्या राखंवर गवत? माझ्या शेरड्या सोडतेल व्हय?"

"खाऊ द्या. चरलं की ते पुन्हा फुटतं."

"मग वहिनीला आवडंल. भाकरी घालून घालून तिनंच माजवून ठेवल्यात त्या."

त्या दिवसांत मी पहिल्यांदा हसलो. राखेवर आम्ही मारवेल लावलं आणि आंब्याचं रोप सरांनी स्वतःच्या विहिरीवर नेऊन लावलं.

सध्या माळ पिवळा पडला आहे. परवा सर काठी टेकत तिथवर आले.

"वाळलंय," मी म्हणालो.

"वर वाळलंय," सर म्हणाले.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त हे लिहायला बसलो, पण हल्ली मला फार लिहवत नाही. सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. येत्या श्रावणात मामांच्या शेरड्यांमागून आम्हा दोघांना माळापर्यंत चालत जाता यावं, एवढंच मागणं.