ढवळून पाहिलेलं पाणी

आमच्या वहिनीला बंदरात सगळे थर्मामीटर म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, पण तिला ठाऊक आहे आणि तिचं काही बिघडत नाही. तिचं कामच ते. हवामान कचेरीची छोटी लाँच घेऊन ती समुद्रात जाते, दोरानं एक यंत्र खाली सोडते आणि किती खोलीवर पाणी किती गरम आहे ते मोजून आणते. उरलेल्या वेळात मोजणीच्या तरंगत्या पिंपांना चिकटलेले शिंपले पत्र्याच्या पट्टीनं खरवडते. तिच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर कायम ओले दोर वाळत असतात, त्यामुळे भेटायला येणाऱ्यानं उभं राहूनच बोलायचं. ते दोर ती मुद्दाम ठेवते असा माझा संशय आहे.

माझा भाऊ मालवाहू जहाजावर, वर्षातला बराच काळ बाहेर. म्हणजे घरात आई, वहिनी आणि मी. आई हट्टी, वहिनी तिच्याहून हट्टी, आणि मी गरीब गाय. हे माझं मत. त्या दोघींचं वेगळं आहे.

घर किनाऱ्याला लागून. आईची खोली समुद्राच्या बाजूला, भिंतीला टेकून तिचा पलंग. गेल्या वर्षी वादळाचा इशारा आला तेव्हा तिला त्या पलंगावरून उठवून उंचावरच्या शाळेत नेलं. फरशीवर झोपून तिची कंबर धरली, आणि वादळ आलं ते अगदीच फुसकं. आईनं तेव्हाच सांगून टाकलं की आता ती या घराबाहेर पाऊल टाकणार नाही.

यंदा पुन्हा इशारा आला. आई रोजच्यासारखी सकाळी घोटे बुडतील इतक्या पाण्यात उभी राहून आली.

"पाणी गेल्या वर्षीइतकंच गरम आहे," तिनं जाहीर केलं. "म्हणजे वादळही तसलंच. कुणी हलायचं कारण नाही."

हे तिनं येता येता सगळ्या गल्लीलाही सांगितलं होतं, आणि गल्लीत तिच्या शब्दाला वजन आहे. म्हणजे आता गल्लीतलंही कुणी हलणार नव्हतं.

दुपारी वहिनी लाँचवरून थेट घरी आली. केसांत मीठ, हाताला दोराचे वळ.

"आई, संध्याकाळच्या आत निघायचंय. हे वादळ वाढणार."

"कशावरून? पाणी तर तेवढंच आहे."

"वरचं तेवढंच आहे. यंदा खालचंही गरम आहे."

"वादळ काय तळाशी जाऊन बसतं?"

खरं सांगायचं तर मलाही तेच विचारायचं होतं. वहिनीनं वाद घातला नाही. ती न्हाणीघरात गेली.

आता आमच्या न्हाणीघराबद्दल सांगायला हवं. लहानपणी भावानं बादलीतलं वरचं कढत पाणी न ढवळता अंगावर घेतलं आणि पाठ पोळून घेतली. तेव्हापासून आंघोळीला कुणीही जावो, पाहुणासुद्धा, आई बाहेरून ओरडते, "ढवळलंस का?" वहिनीच्या वडिलांचीही त्यातून सुटका झाली नाही.

वहिनीनं बादलीत गार पाणी घेतलं, वरून अलगद थोडं गरम सोडलं आणि आईला बोलावलं.

"बोट लावा."

"गरम आहे."

"आता ढवळा."

आईनं ढवळलं. पाणी जवळजवळ गारच लागलं.

"गेल्या वर्षी असं होतं," वहिनी म्हणाली. "वादळाला ताकद मिळते ती गरम पाण्यातून. पण ते समुद्र ढवळत येतं. तेव्हा गरम थर पातळ होता. ढवळल्यावर खालचं गार पाणी वर आलं आणि वादळाची ताकदच गेली." मग तिनं बादली ओतून दिली आणि नुसत्या गरम पाण्यानं भरली. "यंदा हे आहे. हवं तितकं ढवळा."

आईनं तांब्यानं तळापासून ढवळलं, पाणी गरमच राहिलं. तिला उचलून न्यायची वेळ आली तर कसं न्यायचं, या विचारानं मला खरंच भीती वाटली.

"तू स्वतः पाहिलंस?" तिनं विचारलं.

"आज सकाळी. यंत्र साठ मीटर खाली गेलं तरी गरमच. कचेरीतही सगळ्यांचं हेच मत आहे."

"मग उभ्या काय राहिलात? माझी औषधं घ्या."

पण ती सरळ शाळेकडे गेली नाही. सकाळी ज्या दारांत थांबली होती, त्या प्रत्येक दारावर थाप मारत गेली. "सकाळचं विसरा. माझ्या सुनेनं ढवळून पाहिलंय. निघा." कुणाला काही कळलं नाही, पण आईचा आवाज कळला. गल्ली रिकामी झाली.

वादळ आलं ते सांगितलं होतं त्याहून मोठं. आम्ही परतलो तेव्हा समुद्राकडची भिंत आईच्या पलंगावर पडली होती. उशीच्या जागी विटांचा ढीग होता. आईनं तो पाहिला आणि वहिनीचा हात धरला. इतक्या वर्षांत तिनं सुनेचा हात असा धरलेला मी पाहिला नव्हता. मला रडू आलं.

काही दिवसांनी आई पुन्हा पाण्यात उभी होती. शेजारच्या काकूंनी सवयीनं विचारलं, "कसं आहे हो पाणी?"

"मला घोट्यापर्यंतचंच कळतं," आई म्हणाली. "खालचं माझ्या सुनेला विचारा."